ऑपरेशननंतरचा लाल डोळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता इतकं सरावाचं झालं आहे, की जयगड-वाटदकडची माणसं सकाळी रत्नागिरीला जातात आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी परततात. बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. थोड्यांचा मात्र संपत नाही, आणि त्यांच्यासाठी पुढचे उपाय काय आहेत हे गावात फारसं कुणी सांगत नाही.

वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. कृत्रिम भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवतात, तिचा मागचा पापुद्रा गढूळ होतो. याग लेसरने त्याला मधोमध खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम, चिरा नाही, टाका नाही.

हीच पिशवी ऑपरेशनच्या वेळी फाटली, तर मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या मागच्या भागातल्या जेलीत पडू शकतो. मग डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) सर्जन लागतो. तो व्हिट्रेक्टॉमी करतो: डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं, एकातून प्रकाश, एकातून द्रव, तिसऱ्यातून जेली कापून ओढून घेणारं यंत्र. बंद डोळ्यातून जेली काढण्याची मूळ पद्धत रॉबर्ट माखेमर यांनी १९७०च्या सुमारास अमेरिकेत रूढ केली. पिशवीचा आधार उरला नसेल, तर नवं भिंग डोळ्याच्या पांढऱ्या कवचात अडकवून बसवता येतं.

बुबुळ सुजून पांढुरकं झालं, तर प्रश्न त्याच्या आतल्या पेशींचा असतो. त्या मेल्या की नव्याने तयार होत नाहीत. पूर्वी अख्खं बुबुळ बदलत. आता नेत्रदानातून मिळालेला फक्त आतला पातळ थर बसवून हवेच्या बुडबुड्याने चिकटवता येतो.

सगळ्यांत घाईचा आजार म्हणजे डोळ्याच्या आत झालेला जंतुसंसर्ग. तो विरळा आहे, पण जानेवारी २०१९मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेल्या सात जणांपैकी पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. कारण होता स्यूडोमोनास हा जंतू.

अशा संसर्गाची चिन्हं बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतात. दुखणं वाढत जातं, डोळा लालभडक होतो, पापणी सुजते, आणि काल दिसत होतं त्याहून आज कमी दिसतं. नुसत्या थेंबांनी भागत नाही. आतल्या द्रवाचा नमुना काढून प्रतिजैविकाचं इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या आणि १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की डोळ्यासमोर हललेला हात दिसत असेल तर इंजेक्शन आणि व्हिट्रेक्टॉमी यांचा परिणाम जवळपास सारखाच. फक्त उजेड कळण्याइतकीच नजर उरली असेल, तर तातडीच्या व्हिट्रेक्टॉमीने फायदा होतो.

जयगडच्या माणसाला इथे अंतर नडतं. रत्नागिरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि पुढे आंबा घाटातून कोल्हापूर आणखी सव्वाशेच्या वर. दुखणं शनिवारी रात्री सुरू झालं, की घरात सोमवारची वाट पाहतात. इतका धीर धरणं या आजारात धोक्याचं आहे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच रात्री फोन करावा. पडद्याच्या सर्जनकडे पोहोचायला वेळ लागणार असेल, तर निघण्यापूर्वी पहिलं इंजेक्शन रत्नागिरीतच मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारावं.