मऊ कवळी, कडक कवळी

दोन-तीन दाढा गेल्या, इम्प्लांटचा खर्च झेपत नाही आणि ब्रिजला आधार द्यायला मागे दातच उरलेला नाही, अशा वेळी डॉक्टर काढता-घालता येणारी अर्धी कवळी सुचवतात. टेबलावर दोन नमुने येतात. एक धातूचा, चकचकीत, दातांना धरणारे आकडे असलेला. दुसरा गुलाबी, बोटांनी दाबला की वाकणारा. बहुतेकांचा हात दुसऱ्याकडे जातो. हिरडी नाजूक, तेव्हा कवळीही मऊच बरी, हा हिशेब सरळ वाटतो. तोंडात मात्र तो बऱ्याचदा उलटा पडतो.

घास चावताना पडणारा भार शेवटी हाडावरच जातो. तो दाताच्या मुळातून जातो की हिरडीवरून, एवढाच प्रश्न. चावताना दात आपल्या जागी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच दबतो. हिरडी त्याच्या दसपटीहून अधिक दबते. म्हणून धातूची कवळी करताना शेजारच्या दातांवर छोट्या खाचा कोरतात आणि सांगाड्याचे टेकू त्यांत बसवतात. भाराचा मोठा वाटा त्या दातांकडे जातो. नायलॉनच्या लवचीक कवळीला सहसा असे टेकू नसतात, आणि असले तरी ती वाकत असल्याने त्यांचा उपयोग थोडाच. सैल पडलेल्या बाजेसारखी ती हळूहळू खाली बसते. दाताच्या गळ्याशी हिरडी सोलवटते, खालचं हाड झिजतं. खालच्या जबड्यात मागे एकही दाढ उरली नसेल, तर हा त्रास सर्वांत जास्त.

या सांगाड्याचा कोबाल्ट-क्रोमियम हा मिश्रधातू १९३०च्या आसपास अमेरिकेत दातांच्या कामात आला आणि सोन्याला स्वस्त पर्याय म्हणून रुळला. त्याचा कडकपणा साधारण २२० गिगापास्कल. साध्या कवळीच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे अॅक्रिलिकचा, जेमतेम २ ते ३. त्यामुळे टाळूवरची धातूची पट्टी अर्ध्या मिलिमीटरची असली तरी चालते, अॅक्रिलिकला दोनेक मिलिमीटर जाडी लागते. जिभेला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. शिवाय धातूतून उष्णता जात असल्याने चहा गरम आहे हे टाळूला समजतं. खाण्याच्या चवीत याला किती महत्त्व आहे, ते पूर्ण टाळू झाकणारी कवळी वापरलेल्यांनाच विचारावं.

धातूचे दोष झाकायला नकोत. हसताना आकडा दिसतो, आणि लग्नाच्या फोटोत तो नेमका चमकतो. काही मिश्रधातूंत निकेल असतं. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी आधीच सांगावं. पुढे आणखी एखादा दात पडला, तर अॅक्रिलिकच्या साध्या तारेच्या कवळीत तो सहज जोडता येतो, धातूत खटाटोप होतो. म्हणूनच दात काढल्यावर जखम भरेपर्यंतच्या तात्पुरत्या कामाला अॅक्रिलिक अजूनही उत्तम. नायलॉनला तर ही सोयही नाही: त्यात कृत्रिम दात रासायनिकरीत्या चिकटत नाहीत, खाचांत अडकवावे लागतात, आणि कवळी ढिली झाली तर दवाखान्यात अस्तर लावणं अवघड जातं.

मधला मार्ग म्हणून ‘पीक’ नावाचं पॉलिमर पुढे येतंय. १९७८ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत ते तयार झालं. मणक्याच्या शस्त्रक्रियांतही ते वापरतात. वजन पाण्याच्या दीडपटीहून कमी, कोबाल्टचं आठपटीहून जास्त. आकडे चमकत नाहीत, टेकूही करता येतात. पण कडकपणा धातूच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याचा, म्हणून आकडे जाड करावे लागतात आणि त्यांची पकडही थोडी सैल असते. कोबाल्टमागे जवळजवळ शतकाचा अनुभव आहे, पीकच्या कवळीमागे तेवढा काळच गेलेला नाही. निकेलची ॲलर्जी, पुढचा दात, वजन सहन न होणं, अशा ठिकाणी मला ते पटतं. मागच्या दाढांसाठी मी धातूच घेईन.

निवड कोणतीही असो, दवाखान्यात एक गोष्ट विचारून घ्यावी: माझ्या दातांवर टेकूसाठी खाचा कोरणार आहात का? रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. अॅक्रिलिकची उकळत्या पाण्यात वेडीवाकडी होते, धातूची ब्लीचच्या पाण्यात काळवंडते.