जामीन मंजूर, तरीही कारागृहातच : संशोधन काय सांगते?

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी त्याच सायंकाळी घरी परततो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जामिनाचा आदेश आणि कारागृहाचे दार यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते. ठरवून दिलेली रक्कम भरावी लागते किंवा ऐपतदार जामीनदार उभा करावा लागतो. ज्यांना हे जमत नाही, ते आदेश हाती असूनही आतच राहतात. त्यांच्या बाबतीत स्वातंत्र्याचा निर्णय गुन्ह्याच्या स्वरूपावर नव्हे, तर खिशातील पैशांवर होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, न्यायाधीन बंदी (कच्चे कैदी) होते. त्यांचा दोष अद्याप सिद्ध झालेला नव्हता. कारागृहे क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली होती. या सर्वांनाच जामीन मिळालेला असतो असे नाही. अनेकांचे अर्ज प्रलंबित असतात, काहींचे फेटाळलेले असतात. मात्र जामीन मिळूनही न सुटलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे न्यायालयाचा निर्णय झालेला असतो आणि अडसर केवळ ऐपतीचा उरतो.

पैशाची अट कशासाठी?

खटल्याच्या वेळी आरोपी न्यायालयात हजर राहावा, हा या अटीचा हेतू आहे. रक्कम जप्त होण्याच्या भीतीने तो पळून जाणार नाही, असे यामागचे गृहीतक आहे. हे गृहीतक खरे आहे का, याची पद्धतशीर तपासणी १९६१ मध्ये न्यूयॉर्क शहरात झाली. व्हेरा फाउंडेशनच्या ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी शाखेचे विद्यार्थी अटकेतील आरोपींना भेटत. तुम्ही कोठे राहता, किती वर्षांपासून राहता, कुटुंबात कोण आहे, नोकरी कोठे आहे, असे प्रश्न विचारून ते उत्तरांची खातरजमा करीत. ज्यांची समाजातील मुळे पक्की आढळत, त्यांना केवळ वैयक्तिक हमीवर सोडण्याची शिफारस न्यायाधीशांकडे केली जाई.

अशा रीतीने सुटलेल्यांपैकी फारच थोडे गैरहजर राहिले. रक्कम भरून सुटलेल्यांच्या तुलनेत त्यांची हजेरी कोठेही कमी पडली नाही. आरोपीला न्यायालयात परत आणण्यात पैशापेक्षा घर, कुटुंब आणि रोजगार यांचे बंध प्रभावी ठरतात, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील १९६६ च्या संघीय जामीन सुधारणा कायद्यामागे या कामाची मोठी प्रेरणा होती.

भारतीय न्यायालयांची भूमिका

भारतात ‘मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या १९७८ च्या प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. आरोपी गवंडीकाम करणारा होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिल्यानंतर कनिष्ठ न्यायालयाने १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याचा जामीन स्वीकारण्यात आला नाही. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्यायकारक ठरवून रक्कम एक हजार रुपयांवर आणली.

पुढच्याच वर्षी बिहारमधील कारागृहांची स्थिती ‘हुसैनारा खातून’ प्रकरणातून देशासमोर आली. दोषी ठरल्यास जेवढी कमाल शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही जण खटल्याविना बंदिवासात होते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकालात मॅनहॅटनच्या प्रयोगाचा उल्लेख केला. आरोपीची समाजात मुळे असतील आणि तो पळून जाण्याची शक्यता नसेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडता येते, असे त्यांनी स्पष्ट केले. वास्तव्याचा काळ, रोजगार, कौटुंबिक संबंध हे निकषही त्यांनी नोंदवले.

तत्त्व अशा रीतीने १९७९ मध्येच मान्य झाले. मात्र आरोपीची ही माहिती गोळा करून न्यायाधीशांपुढे कोणी ठेवायची, हे अनुत्तरित राहिले. प्रचंड कामाच्या ओझ्याखालील न्यायालयाला माहिती मिळाली नाही, तर जामीनदाराची रूढ अट घालणेच सोपे ठरते.

स्थलांतरितांची अडचण

या अटीचा सर्वाधिक फटका परगावी पोटासाठी गेलेल्यांना बसतो. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार हंगामात कर्नाटकात असताना अटकेत गेला, तर तेथे त्याच्यासाठी ऐपतीचा दाखला घेऊन कोण उभे राहणार? मुंबईत बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराची स्थिती तीच असते. न्यूयॉर्कच्या निकषांची मर्यादाही येथे दिसते. कायमचा पत्ता आणि स्थिर नोकरी यांनाच मुळे मानले, तर बेघर आणि हंगामी मजूर पुन्हा मागे पडतात. त्यामुळे गावाकडील कुटुंब, मुकादम, सोबतचे कामगार यांच्याकडून माहिती मिळवणारी यंत्रणा आवश्यक ठरते. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच दाखवून देत आला आहे. कारागृहात आणि न्यायालयात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता उपलब्ध असेल, तर बंदी, कुटुंब आणि वकील यांचा तुटलेला दुवा जोडता येतो.

२०२३ चे निर्देश आणि योजना

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबाबत सविस्तर निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोहोचावी. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. आवश्यक तेथे बंद्याचा सामाजिक-आर्थिक अहवाल तयार करून अट शिथिल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवावा, असे त्यात नमूद आहे. महिन्याभरात हमी सादर झाली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटकेतील विलंबाचे एक कारण असल्याची नोंद करून, अशी अट न घालण्याचे सूत्रही न्यायालयाने दिले.

त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी अर्थसाहाय्य योजना आणली. २०२३ मधील मूळ तरतुदीनुसार न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, तर शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यांखालील आरोपींना ती लागू नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तिला हमीवर सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यांना अपवाद आहे.

उरलेला प्रश्न

पीडित व साक्षीदारांची सुरक्षा हा या चर्चेतील तितकाच महत्त्वाचा पैलू आहे. मात्र त्याचे उत्तरही रकमेत नाही. धनवान आरोपी रक्कम भरून साक्षीदारावर दबाव आणू शकतो, तर निरुपद्रवी गरीब आत राहतो. धोक्याचे मूल्यमापन माहितीवरूनच होऊ शकते.

सरकारी मदतीने रक्कम भरली जाईल. पण पैसाच हजेरीची खात्री देतो हे गृहीतक त्यामुळे कायमच राहते. सहा दशकांपूर्वीच्या संशोधनाने नेमका त्यालाच छेद दिला होता. म्हणूनच २०२३ च्या निर्देशांतील सामाजिक-आर्थिक अहवाल हा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो. तो वेळेत आणि काळजीपूर्वक तयार करणारे परिवीक्षा अधिकारी, विधी स्वयंसेवक व समाजकार्यकर्ते प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध होतात का, यावरच जामिनाचा आदेश कागदावर राहतो की सुटकेत उतरतो, हे ठरेल.