दिव्याखालची शेती आणि वेळापूरचं ऊन

अमेरिकेतली ‘बोवरी’ नोव्हेंबर 2024मध्ये बंद पडली, मार्च 2025मध्ये ‘प्लेंटी’ने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्ही कंपन्या बंद इमारतीत, एलईडीखाली पालेभाजी पिकवत होत्या. आपल्याकडे मात्र खोलीत केशर पिकवून लखपती व्हा, असं सांगणाऱ्या जाहिराती जोरात आहेत. केशर खोलीत फुलतं हे खरं. कारण ते कंदात आधीच साठलेल्या अन्नावर फुलतं. पुढच्या हंगामासाठी कंद पोसायचा तर पुन्हा माती आणि ऊन आलंच. ज्वारी खोलीत पिकवायची तर हिशेब याहून कडक. किलोभर दाण्यात साधारण 4 युनिट ऊर्जा असते. पीक प्रकाशातली फार तर 5 टक्के पकडतं, त्यातली निम्मी कडब्यात जाते आणि दिव्यातही जवळपास निम्मी वीज उष्णता होऊन जाते. म्हणजे किलोमागे तीनशेच्या वर युनिट, एसीचं बिल वेगळंच. माळशिरस तालुक्यातल्या वेळापुरात जे ऊन फुकट मिळतं, ते मीटर लावून विकत कशाला घ्यायचं?

पाणी वाचतं, असं यावर सांगितलं जातं. वाचतं, पण पालेभाजीचं. या तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी पितो तो ऊस, आणि तो काही खोलीत जाणार नाही. त्याला ठिबकच हवं.

तरीही बंद खोली या भागाला परकी नाही. ग्रँड नैन केळीचं टिश्यू कल्चर रोप तिथलंच: पंचवीस अंशांच्या आसपास तापमान, सोळा तास ट्यूबलाइट, काचेच्या बाटलीत आगरवर उभा इवलासा कोंब. प्रकाश दोन-तीन हजार लक्स. बाहेर दुपारी लाखभर. एवढ्याशा उजेडावर तो पोसत नाही, म्हणून माध्यमात लिटरमागे 30 ग्रॅम साखर घालतात. म्हणजे इथेही खरी कमाई कुठल्या तरी उसाने उन्हात केलेलीच! मग ही खोली परवडते कशी? एका निवडक कोंबापासून हजारो सारखी रोपं होतात, रोप वजनाला हलकं असतं, आणि त्याची किंमत पुढे वर्षभर शेतात वसूल होते. वीज इथेच खर्चावी. फक्त कोंब टिश्यू कल्चरचा म्हणून निरोगी असतो, हा समज महागात पडतो: मातृझाडात विषाणू असेल तर तोही हजारपट वाढून येतो. अशा रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणीकरण व्यवस्था 2006पासून आहे. रोपं उतरवून घेताना त्या लॉटचा विषाणू-चाचणीचा दाखला मागावा आणि तो नसेल तर गाडी परत पाठवावी.