फायबरच्या टपाला आतून रंग

गोंदियातल्या रंगाच्या दुकानात ‘गाडीच्या आतल्या फायबरला ब्रशने मारायचा रंग द्या’ म्हटलं, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘स्प्रे काहून नाही मारत जी?’ प्रश्न चुकीचा नाही. गाडी म्हटली की कॉम्प्रेसर आणि गन हे ठरलेलंच. पण मला रंगवायचा होता जुन्या जीपवर बसवलेला फायबरचा टप, तोही आतून, आणि त्याचबरोबर डॅशबोर्डचं फायबरचं आवरण. गोंदिया-आमगाव, देवरी-चिचगड अशा रस्त्यांवर धावलेल्या काळी-पिवळी जीपमधून ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना टपाची आतली बाजू सांगायला नको. डोकं तिथेच आपटतं.

स्प्रे का नको, याचं उत्तर त्या पृष्ठभागातच आहे. फायबरग्लासच्या वस्तूला दोन तोंडं असतात. साच्याला लागून असलेलं तोंड गुळगुळीत, कारण साच्यात सगळ्यात आधी जेलकोटचा थर दिलेला असतो. त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कालवून ते ब्रशने आणि रोलरने मॅटमध्ये मुरवायचं, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. शेवटी वर राहतं ते दुसरं तोंड खरबरीत, तंतू उभे राहिलेलं, बारीक छिद्रांचं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या टपाचं हेच तोंड आपल्या डोक्यावर येतं. गनमधून आलेला रंग उभ्या तंतूंच्या टोकांवर बसतो आणि खाचा कोरड्याच राहतात. ब्रश मात्र रंग खाचेत ढकलतो. शिवाय बंद गाडीत गन चालवायची तर काचा, रबर, वायरी, सीट सगळं झाकावं लागतं, आणि रंगाचं धुकं आपल्याच नाकात जातं.

गाडीला फायबर ही काही नवी गोष्ट नाही. जगातल्या पहिल्या फायबर-बॉडीच्या उत्पादन-गाड्यांपैकी एक म्हणजे 1953 सालची शेव्हरोलेची कॉर्व्हेट. त्या वर्षी 300 गाड्या निघाल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानी कंपनीने 1980च्या दशकात डॉल्फिन नावाची फायबर-बॉडीची छोटी गाडी काढली होती. पण भारतात फायबर खऱ्या अर्थाने पोचलं ते अशा गाड्यांमुळे नाही. जीपचे टप, ट्रकच्या केबिनवरचे वाऱ्याचे आडोसे, बसचे पुढचे-मागचे तुकडे या वाटेने ते गावोगावच्या गॅरेजात शिरलं. तिथे पत्र्याचेच नियम त्यालाही लावले जातात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

बालाघाट रस्त्यावरच्या एका पेंटरकडे मी बराच वेळ बसून असायचो. माणूस हाताचा पक्का. टप पाहून त्याने पहिल्यांदा पॉलिश पेपर हातात घेतला. सगळेच तसं करतात, कारण पत्र्यावर ते चालतं. फायबरवर आधी पुसायचं आणि मगच घासायचं. कारण मेणात आहे. हवेतला प्राणवायू लागला की पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर नीट वाळत नाही, चिकट राहतो. म्हणून शेवटच्या हातात पुष्कळदा थोडं मेण मिसळतात. ते वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. गुळगुळीत बाजूलाही साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेलं मेण असतंच. आधी घासलं तर पेपर हेच मेण ओरखड्यांत भरतो, आणि त्यावर कितीही महागाचा रंग मारा, तो मेणावर बसतो, फायबरवर नाही.

म्हणून स्वच्छ फडकं थिनरमध्ये भिजवून पुसायचं, आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलं तर मेण इकडचं तिकडे जातं. मग पाणी शिंपडून पाहायचं. थेंब गोळे होऊन उभे राहिले तर मेण अजून आहे. पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर जागा तयार झाली. फुकटातली ही परीक्षा. पेंटरने ती पाहिली आणि मान डोलावली, ‘हे बरं हाय जी.’

त्यानंतर 120 नंबरचा पेपर, मग 220. पाण्यात घासलेलं उत्तम, कारण कोरड्या घासण्यातून उडणारी काचेची कूस अंगाला खाजवते आणि फुप्फुसाला तर नकोच. पूर्ण बाह्यांचा सदरा, मास्क, चष्मा, आणि काम झाल्यावर गरम पाण्याने नव्हे, गार पाण्याने आंघोळ. उभे राहिलेले तंतू पेपरने जात नाहीत. ते ब्लेडने कापायचे. मोठ्या खाचांत लांबी भरायची, पण पत्र्यावरची एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी नव्हे, हार्डनर घालून कालवायची पॉलिएस्टर लांबी. ती फायबरच्याच जातकुळीची आहे, म्हणून धरते.

टप नवा असेल आणि आत तो उग्र, गोडसर वास येत असेल, तर अजून रंगवू नका. तो वास स्टायरीनचा. रेझिन पुरतं पिकलेलं नाही, हे तो सांगतो. उन्हात काचा उघड्या ठेवून वास जाऊ द्यावा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात रंगाखाली फोड येतात.

प्रायमर म्हणून दुकानदार सवयीने रेड ऑक्साइड पुढे करतात. ते लोखंडाच्या गंजासाठी. फायबरला गंज नाही, त्यामुळे तिथे त्याचं काही काम नाही. इथे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर लागतो, पातळ, एकच हात.

आता रंग. एका तुटक्या फायबरच्या तुकड्यावर मी वेगवेगळ्या रंगांचे पट्टे मारले आणि तो तुकडा उन्हाळाभर बंद जीपमध्ये टाकून ठेवला. गोंदियात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या गाडीतली हवा साठच्या पुढे जाते आणि काचेखालचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. ही उष्णता सोसण्याचा निकष कोणत्याही रंगपत्रकावर छापलेला नसतो.

एनसी रंग ब्रशने मारायचाच नाही. तो ब्रशखालीच वाळतो, दुसरा हात फिरवला की पहिला उचलून आणतो. भिंतीचं इमल्शन दिसायला सुरेख, वास नाही, ब्रश पाण्याने धुता येतो. पण तापल्यावर ते मऊ पडलं आणि त्यावर ठेवलेलं वर्तमानपत्र चिकटलं. जिथे हात-पाय लागत नाहीत अशा छताला ते चालेल, दाराच्या कडेला नाही. एका जुन्या सुताराने लाखेचं पॉलिश सुचवलं. आपल्या भागातल्या पळस-कुसुमावरची लाख, ब्रशने सहज लागते, जवळपास कशालाही चिकटते. पण ती सत्तर-पंच्याहत्तर अंशांना मऊ होते आणि पाणी लागलं की पांढरट पडते. डॅशबोर्डवर तिला जागा नाही.

उरतो सिंथेटिक एनॅमल, पेंटरचा लाडका. ‘आमी सगळ्या गाड्यायले हेच मारतो,’ असं तो म्हणाला, आणि त्याला कारणही आहे. ब्रशचे माग आपोआप मिटतात, डबा स्वस्त, चमक जोरदार. त्याचं दुखणं वेगळं. हा रंग तेलातून बनलेल्या रेझिनचा. उजेड मिळाला नाही तर पांढरा एनॅमल पिवळा पडतो. जुन्या कपाटाचं दार उघडून आत पाहा. माझ्या तुकड्यावर सीटखाली दडलेला भाग पिवळसर झाला, उजेडातला पांढरा राहिला. गाडीच्या आत निम्मी जागा कायम सावलीत असते. म्हणजे एनॅमल मारायचाच तर पांढरा नको. राखाडी किंवा खाकी घ्यावा.

हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग सगळ्यात टिकला. नखाने ओरखडा नाही, उष्णतेने चिकटणं नाही. त्याचे नखरे मात्र सांभाळावे लागतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ब्रशने मारताना गनसारखं धुकं उडत नसलं तरी दारं उघडी हवीत, हातात मोजे हवेत आणि दमेकऱ्याने या कामापासून लांबच राहावं. दमट हवेत हार्डनर पाण्याशी भिडतो आणि रंगात बुडबुडे उठतात. म्हणजे जून ते सप्टेंबर बाद. एप्रिल-मेमध्ये रंग ब्रशवरच ओढला जातो. राहतो हिवाळा, पण विदर्भातली बोचरी थंडी नेमकी गोंदियाला आणि सकाळी दव. त्यातच धानाचा हंगाम, राइस मिल जोरात, हवेत कोंडा. ओल्या रंगावर बसलेला कोंडा काढायला गेलं की डाग पडतो, म्हणून जमिनीवर पाणी मारायचं, वाऱ्याकडची बाजू ताडपत्रीने झाकायची आणि दहा ते तीन या वेळेतच ब्रश धरायचा.

चमकेबद्दल पेंटरचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही. त्याला ग्लॉस हवा होता. खरबरीत फायबरवर ग्लॉस म्हणजे प्रत्येक खड्ड्यावर दिवा लावणं. डॅशबोर्डवर तर तो धोक्याचा: दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही. उलट अगदी मॅट रंग धूळ आणि तेलकट हात धरून ठेवतो.

तेव्हा छताला फिक्या राखाडी रंगाचा सॅटिन पीयू, पातळ दोन हात. डॅशबोर्डला, धूळ पुसावी लागली तरी, प्रतिबिंब टाळायला गडद मॅट पीयू. पैसे कमी असतील तर छतापुरता एनॅमल, पण पांढरा नाही. आणि कोणताही डबा आणा, आधी एका कोपऱ्यात हातभर पट्टा मारा. तो पुरता वाळला की ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर दुकानदाराशी भांडू नका, पुन्हा पुसण्यापासून सुरुवात करा.