जांघ्या वर, लंगोट आत

सटाण्यास देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हा खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या सुपरमॅनकडे बोट दाखवून एखादा मुलगा विचारतो की, हा चड्डी विजारीच्या वर का घालतो. आणि वडीलधारी माणसे तो प्रश्न हसण्यावारी नेतात. आमच्या मते तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कारण त्याचे उत्तर बागलाणातल्या यात्रांमधून ज्या कुस्त्यांच्या दंगली होतात, तेथील तांबड्या मातीत समक्ष उभे असते.

सुपरमॅनची ती लाल चड्डी अंतर्वस्त्र आहे, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. वस्तुतः 1938 साली जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन जगापुढे आणला, तेव्हा असामान्य बळाच्या पुरुषाचे जे रूप लोकांच्या परिचयाचे होते, ते सर्कशीत शक्तीचे प्रयोग करणाऱ्या मल्लाचे. आणि अंगास चिकटून बसणाऱ्या विणीच्या पोशाखावर आखूड जांघ्या चढविणे, जेणेकरून ताणाने आतले कापड उसवले तरी लज्जारक्षण व्हावे, हा त्या मल्लांचा रिवाज होता. सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी अवतरलेला आणि 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्सद्वारे आपल्या मुलखात येऊन वेताळ म्हणून घरोघर पोहोचलेला फँटमदेखील पट्ट्यापट्ट्यांचा जांघ्या वरूनच घालतो.

मग आत काय? येथे आपल्या पैलवानाकडे पाहावे. त्याचा जांघ्या हे दिसणारे वस्त्र. खरा भार सोसतो तो त्याखालचा लंगोट, जो कमरेला बांधून, दोन्ही मांड्यांमधून घेऊन मागे इतका कसून खोवलेला असतो की, शरीर कितीही उलटेपालटे झाले तरी तसूभर हलू नये. अमेरिकेत सायकलस्वारांसाठी असा आधारपट्टा 1874 साली तयार झाला. आपल्या तालमींत ही विद्या त्याहून कितीतरी जुनी. पाश्चात्त्य बॅले नर्तक तंग पोशाखाखाली याच जातीचा पट्टा बांधतात आणि पडद्यावरचे महावीर साकारणारे नटही त्याचाच आश्रय घेतात.

लंगोट बांधणाऱ्यास अंतर्गळ होत नाही, अशी एक समजूत मात्र तालमींतूनच पसरली आहे, व ती सोडली पाहिजे. पोटाच्या स्नायुभित्तीत दुर्बळ जागा निर्माण झाली की आतला भाग तेथून बाहेर येतो. ती जागा कापडाच्या गाठीने भरून येत नाही, सबब जांघेत फुगवटा दिसताच पैलवानाने लंगोट अधिक आवळण्याऐवजी शल्यचिकित्सकाकडे जावे.

पोशाखाखालचे पिळदार स्नायू नटाचेच असतात, हेही सर्वस्वी खरे नव्हे. 1950 च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेत सुपरमॅन साकारणाऱ्या जॉर्ज रीव्ह्‌जच्या पोशाखात भरीव गाद्या घातलेल्या असत, आणि 1989 च्या बॅटमॅनची छाती फेसाळ रबराची होती. कथेतला सुपरमॅन तर क्लार्क केंट म्हणून वावरताना साध्या कोटाखाली वीराचाच वेष बाळगतो.

2011 साली प्रकाशकांनी सुपरमॅनचा लाल जांघ्या काढून टाकला. 2018 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात तो परत आला, आणि आखाड्याच्या कडेला लहानपण गेलेल्या आम्हांस त्याचा मनःपूर्वक आनंद झाला.