हप्ते फिटलेली पिकअप

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम भरात आला की दुपारनंतर पिकअपची रांग महामार्गाला भिडते. संपादकांनी मला पाठवलं होतं भावावर लिहायला. भाव रोजच छापून येतो. माझं लक्ष गेलं ते रांगेतल्या गाड्यांकडे. त्यातल्या कितीतरी पंधरा वर्षांच्या आतबाहेरच्या. रंग उडालेले, फाळक्याला वेल्डिंगचे जोड दिलेले, एका दिव्याची काच वेगळ्याच गाडीची, आणि मागे क्रेटांच्या थप्प्या कॅबिनच्याही वर गेलेल्या. एका ड्रायव्हरला विचारलं, नवी का घेत नाही? तो म्हणाला, "हिचे हप्ते फिटले ना.”

या भागातली शेती या उत्तरावर चालते. भाव कोसळला तरी ज्या गाडीवर बँकेचं देणं नाही, ती डिझेलपुरते पैसे घेऊन घरी येते. नव्या गाडीचा हप्ता भावाची वाट बघत नाही. म्हणून जुनी टिकवायची. पण ती टिकवतं कोण, हे मला बघायचं होतं. ड्रायव्हरनेच पत्ता दिला. महामार्ग सोडून आत वळलं की रसवंतीच्या मागे पत्र्याची शेड. पाटी नाही. पंचक्रोशीत ज्यांना मिस्त्री म्हणतात ते तिथे बसतात. मीही त्यांना मिस्त्रीच म्हणतो.

शेडमध्ये २००७ सालची महिंद्रा पिकअप उभी होती. बॉनेट उघडं, समोर लाकडी फळीवर पाने मांडलेले. मालक शेजारी उकिडवे बसले होते. वय साठीचं, निफाड तालुक्यातले बागायतदार. तक्रार एवढीच होती की भरलेली गाडी चढाला ओढत नाही आणि धूर काळा टाकते.

या गाडीचं कूळ थोडं सांगायला हवं. महिंद्रा कंपनी १९४५ साली सुरू झाली आणि १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवू लागली. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर तिने ट्रॅक्टरची कंपनी काढली. आजही जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला बी-२७५ हा तिथलाच. पिकअपच्या बॉनेटखालचं डीआय इंजिन २५२३ सीसीचं. त्याच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, पिस्टनची धाव चार इंच. मोजमाप इंचात पूर्ण बसतं, कारण त्याचं मूळ त्या हार्वेस्टर ट्रॅक्टरच्या घराण्यात आहे. लांब धावेचं, कमी फेऱ्यांवर जोर देणारं हे इंजिन. शेतातून निघालेलं म्हणून शेताच्या कामाला सोयीचं, असं मिस्त्री सांगतात आणि मला ते पटतं. गाडी नाशिकची, इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यातली, आणि डिझेलच्या फवाऱ्याचे नोझल बनवणारा बॉशचा कारखानाही नाशिकच्या सातपूरलाच. जुने लोक त्याला अजून मायको म्हणतात, जरी कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं. म्हणजे ही पिकअप तिच्या माहेरापासून फार लांब गेलेलीच नाही.

मिस्त्रींनी मालकांना एकही प्रश्न विचारला नाही. इंजिन चालू करायला लावलं आणि मंद गतीवर ठेवलं. सतराचा पाना उचलला आणि पंपातून नोझलकडे जाणाऱ्या पहिल्या नळीचा नट अर्धा फेरा सैल केला. डिझेल भुरभुरत बाहेर आलं आणि इंजिनाचा सूर एकदम पडला, गाडी थरथरली. नट आवळला, सूर परत जागेवर. दुसऱ्या नळीला तेच. तिसरीचा नट सैल केला तेव्हा मात्र काहीच झालं नाही. डिझेल गळत होतं, पण इंजिन होतं तसंच धडधडत राहिलं.

"तीन नंबर कामच करत नाही," मिस्त्री म्हणाले. "ह्याला जेवायला दिलं काय अन् नाही दिलं काय, सारखंच."

मी ही चाचणी पुन्हा करून दाखवायला सांगितली आणि त्यांनी ती आनंदाने केली. यात यंत्र एकही नाही. जो सिलिंडर काम करतो त्याचं डिझेल तोडलं की इंजिन अडखळतं. ज्याचं तोडूनही फरक पडत नाही तो आधीपासूनच निकामी. तर्क दोन वाक्यांचा आहे, पण त्या पडलेल्या सुरातला फरक ओळखायला कान लागतो. चारपैकी दुसऱ्या नळीला सूर पडला होता, पण पहिलीइतका नाही. तो फरक मला ऐकूच आला नव्हता. मिस्त्रींनी तो टिपला आणि म्हणाले, दोन नंबरही निम्म्यावर आलाय, दोन्ही नोझल एकदमच काढू.

नोझल काढणं हे नजाकतीचं काम आहे. वर्षानुवर्षांची काजळी बसून ते हेडमध्ये चिकटलेलं असतं. जोर लावला तर तुटतं, मग हेडच उतरवावं लागतं. मिस्त्रींनी खाचेत डिझेल सोडलं, चहा घेतला, मग हातोडीच्या दांड्याने बाजूबाजूने हलके ठोके दिले. नोझल निघालं तेव्हा त्यांनी आधी त्याच्याखालचा तांब्याचा वायसर काढून बाजूला ठेवला. तो पुन्हा वापरायचा नाही, हे त्यांनी पोराला बजावलं. पोरगा म्हणजे त्यांच्याकडे शिकणारा एकमेव मुलगा, सतराअठरा वर्षांचा.

मग नोझल फडक्यात गुंडाळून आम्ही पंपवाल्याकडे, म्हणजे डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. गॅरेजवाला आणि पंपवाला हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, आणि मिस्त्री पंपाला कधीच हात लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याच्या दुकानात धूळ येते त्याने पंप उघडू नये. कारण साधं आहे. नोझलच्या आतली सुई आणि तिचं भोक यांच्यातली फट दोनचार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साठसत्तर मायक्रॉन जाडीचा. बोटाला लागलेली माती त्या फटीला पुरून उरते. पंपवाल्याचं दुकान काचबंद, टेबलावर डिझेलने धुतलेला पत्रा, आणि त्यावर हाताने दाबायचं टेस्टर.

त्याने नोझल टेस्टरला लावलं आणि दांडा सावकाश दाबला. टेस्टरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला. चांगलं नोझल दोनशे बारच्या वरच्या दाबाला उघडतं आणि उघडताना कुरकुरतं. धुक्यासारखा बारीक फवारा पडतो आणि झटक्यात बंद होतो. टोक कोरडं राहतं. आमच्या तीन नंबरचा काटा निम्म्यावरच थांबला आणि टोकाला डिझेलचा टपोरा थेंब लोंबला. थेंब पेटायला वेळ लागतो, नीट जळत नाही, त्याची काजळी होते आणि ती काळ्या धुरातून दिसते. ते इतकं स्वच्छ डोळ्यांपुढे घडलं की मालकसुद्धा उठून बघायला आले. अनेक वर्षं ते गाडीचा धूर बघत होते, पण धूर होतो कसा हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

दोन नंबरचं नोझल साफ करून, आतल्या स्प्रिंगखाली पातळ शिम घालून दाब वाढवता आला. तीन नंबरची सुई झिजली होती, ते नवं घ्यावं लागलं. परत येऊन बसवलं, फिल्टर बदलला, फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढली. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर गाडी कितीही सेल मारला तरी उठत नाही. सैल केलेल्या स्क्रूतून आधी फेस येतो आणि मग सलग धार. तोवर पोरगा पंप मारत राहिला.

गाडी उघडलीच आहे तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघून घेऊ, असं मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी इंजिन हाताने फिरवलं. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जागा बदलत असले की एक नंबरचे दोन्ही मोकळे असतात, तेव्हा एकचे सेट करायचे. हे ते पोराला म्हणून दाखवत होते आणि फिलरची पाती रॉकरखाली सरकवत होते. पाती अडखळत गेली पाहिजे, सहज गेली तर फट जास्त, अडकली तर कमी. पोराने करून बघितलं, मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं आणि दाब किती ठेवायचा ते हातानेच सांगितलं.

मागच्या कमानींचं काम वेगळ्या माणसाचं. कमानवाला पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक देतो. कंपनीने सव्वा टनाची म्हणून विकलेल्या गाडीत टोमॅटो किती भरतात, ते पाट्यांवरून त्याला कळतं. चॅसीला तडा गेला तर वेल्डिंगवाला, लायनर-पिस्टनला लेथवाला. एक जुनी पिकअप अशी पाचसहा दुकानांमधून फिरत फिरत जगते. कुठल्याही एका दुकानात तिची पूर्ण दुरुस्ती होत नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. गाडी म्हातारी झाल्याने मरत नाही. या साखळीतली एक कडी गळाली की मरते.

आणि कड्या गळत आहेत.

पंपवाल्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आहे. दुकान बंद झालं तर मिस्त्रींना प्रत्येक नोझल घेऊन नाशिक गाठावं लागेल, म्हणजे एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जाईल. हंगामात मालकांना दोन दिवस परवडत नाहीत. लेथवाल्याने हेड घासायचं काम कमी केलं आहे, कारण त्यात फारसे पैसे उरत नाहीत. सुटे भाग मिळतात, पण अस्सल आणि नकली यांचं खोकं इतकं सारखं दिसतं की मिस्त्री आता नोझल खोक्यावरून घेत नाहीत, टेस्टरवर लावून बघूनच घेतात. पंपवाला गेला की तो टेस्टरही जाईल. नकली नोझल थेट इंजिनात जाईल. लोंबणारे थेंब पिस्टनच्या माथ्यावर जळत राहतील आणि दुखणं कळेपर्यंत पिस्टनला भोक पडलेलं असेल.

मिस्त्रींनी नव्या गाड्या करायला घ्याव्यात असं मलाही सुरुवातीला सोपं वाटलं. त्यांनी मला शेडच्या कडेला उभ्या असलेल्या एका नव्या पिकअपजवळ नेलं आणि नळ्या दाखवल्या. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजारदीड हजार बार दाबाने सतत भरलेलं असतं. तिथे चालू इंजिनाच्या नळीचा नट सैल केला तर सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते. ओळखीच्या एका माणसाचा हात असाच गेला होता, ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प झाले. ज्या चाचणीवर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं, ती या गाडीवर जीवघेणी आहे. इथे कोणता सिलिंडर निकामी आहे ते स्कॅनर सांगतो, आणि नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड गाडीच्या कंप्युटरला द्यावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले तेव्हा धूर गाळणारी यंत्रणाही आली. ते चांगलंच झालं. पिंपळगावच्या रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या नाकात जाणारा धूर कमी झाला पाहिजे यात मला शंका नाही. पण त्याबरोबर गाडी गॅरेजमधून निघून शोरूमकडे गेली, आणि तिथला खर्च टोमॅटोच्या भावाला बांधलेला नाही.

जुन्या गाडीपुढे सरकारी वाटही अरुंद होत चालली आहे. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांना पर्यावरण कर आहे आणि त्यांना दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणाने रोख स्वयंचलित तपासणी केंद्रांकडे वळवला आहे, जिथे ब्रेक, दिवे आणि धूर यंत्र मोजतं. मिस्त्रींचा त्याला विरोध नाही. त्यांचा हिशेब असा की ज्या गाडीचं नोझल नीट आहे, तिला धुराची भीती नाही. अडचण आहे नोझल नीट ठेवणारी माणसंच उरली नाहीत तर. मग मालक धूर लपवायला पंपाचं डिझेल कमी करून घेतील, गाडी पास होईल, चढाला आणखी दमेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवून घेतील. हे आजही कुठेकुठे होतं.

माझं स्पष्ट मत आहे की आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम आहेच, त्यात यांत्रिक पंप आणि नोझलची तपासणी हातात टेस्टर देऊन शिकवली पाहिजे, आणि तालुक्याच्या आयटीआयने ते टेस्टर गावातल्या गॅरेजवाल्यांना फी घेऊन वापरू द्यावं. जुन्या गाड्या अजून काही वर्षं रस्त्यावर राहणार आहेत, मग त्या स्वच्छ धुराने तरी राहोत. शेडमधला तो पोरगा संध्याकाळी मोबाईलवर स्कॅनर चालवण्याचे व्हिडिओ बघतो. मिस्त्री त्याला अडवत नाहीत, उलट त्यालाच स्कॅनर घेऊन द्यायच्या विचारात आहेत. मात्र अट घातली आहे, आधी टॅपेट एकट्याने सेट करून दाखव.

संध्याकाळी पिकअप चालू झाली. धूर नव्हता म्हणण्याइतका कमी. मालकांनी अर्धे पैसे दिले, उरलेले हंगाम संपल्यावर, हा ठराव दोघांमध्ये जुनाच. फिटनेसची तारीख मार्चमध्ये आहे. तोवर भाव बरा मिळाला तर पंपही खोलून घेऊ, असं ते म्हणाले. मिस्त्रींनी सांगितलं, पंप खोलायचा तर दिवाळीआधी खोला, नंतर दुकान राहील की नाही ते पंपवाल्यालाच ठाऊक नाही. मालकांनी तिथूनच पंपवाल्याला फोन लावला आणि पुढच्या आठवड्याचा मंगळवार धरला, कारण त्या दिवशी त्यांची तोडणी नसते.