तेहतिसाव्या घरावरील एक दाणा

बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याची गोष्ट आपल्या घरांतून मुलें वडील मंडळींच्या तोंडून ऐकत आलीं आहेत. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असें दुप्पट करीत गेलें म्हणजे तेहतिसाव्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ दाणे ठेवावे लागतात. त्या राशीवर आणखी एकच दाणा टाकावा. अशी झालेली ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या गणिताच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. कारण तिनें एका थोर गणितज्ञाचें मत खोटें पाडलें.

हा गणितज्ञ म्हणजे फ्रान्समधील पिअर द फर्मा. तुलूझ येथें तो न्यायखात्यांत अधिकारी होता; गणित हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग. दोन हा आंकडा एक, दोन, चार, आठ व सोळा वेळां मांडून गुणाकार केला आणि प्रत्येकांत एक मिळविला, तर अनुक्रमें ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळसंख्या आहेत. म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेंही त्यांना निःशेष भाग जात नाहीं. यावरून १६४० सालीं फर्मानें मत दिलें कीं, याच रीतीनें पुढें येणारी प्रत्येक संख्या मूळसंख्याच असली पाहिजे. आपणांजवळ सिद्धता नाहीं, हेंही त्यानें तेव्हां प्रांजळपणें सांगितलें होतें. बत्तीस वेळां दोन मांडून होणारी आपली संख्या या मालिकेंतील सहावी.

सुमारें नव्वद वर्षें तें मत अबाधित राहिलें. मग १७३२ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील ऑयलर या पंचवीस वर्षांच्या तरुणानें दाखविलें कीं, या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो! सरधोपट मार्गानें जाणाऱ्यास साडेसहा हजार मूळसंख्यांनीं भागून पाहण्याची तयारी ठेवावी लागली असती. परंतु या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटींत एक मिळवून झालेला असला पाहिजे, हें पुढें ऑयलरनेंच सिद्ध केलें. अशा मूळसंख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनीं भाग जात नाहीं, पांचवीनें जातो. भागाकार येतो ६७,००,४१७. मुलांनीं गुणाकार करून ताळा अवश्य पाहावा.

त्यापुढील सत्तावीस संख्याही मूळ नाहींत, असें आतां सिद्ध झालें आहे. पहिल्या पांचांखेरीज या मालिकेंत एकही मूळसंख्या अद्याप सांपडलेली नाहीं.

येवढ्यानें फर्माची थोरवी उणी होत नाहीं. पण पांच वेळां खरें ठरलें तें सहाव्या वेळींही ठरेलच, असें नाहीं. आणि बोलणारा कितीही मोठा असला तरी त्याचें वचन म्हणजे सिद्धता नव्हे. घरांतील एखाद्या मुलानें वडिलांच्या बोलण्यावर "हें कशावरून?" असें नम्रपणें विचारलें, तर त्यास उद्धट न म्हणतां पाटी-पेन्सिल पुढें करावी, हें बरें.